कुंपणावरची कण्हेर आणि दारातला कुत्रा

या पानावर आजवर आम्ही भाताच्या रोगांविषयी, गुरांच्या लसींविषयी, पावसाळ्यातील पोटाच्या विकारांविषयी लिहीत आलो. या खेपेस कुत्र्याविषयी लिहीत आहोत हे पाहून काही वाचक हसतील. पण विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि त्याची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या नव्हे, आमच्याच परड्यात झाली आहे.

गेल्या मृगात आम्ही धर्मगुरुनिवासामागे चार नारळाची रोपे व गुलाबाची काही कलमे लावली. खड्ड्यांत शेणखताबरोबर एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो दोन खड्डे उकरलेले. डुक्कर येऊन गेले असेल असे समजून आम्ही माती पुन्हा लोटली. पेंडेचे उरलेले पोते पडवीत उघडेच होते, तिकडे लक्षही दिले नाही. त्याच संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीचा कुत्रा ओकू लागला. रात्री रक्ताची हगवण सुरू झाली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

कुणी तरी भाकरीतून विष घातले असे त्या बाईंना वाटले. शेजारच्या घराशी त्यांचा बांधावरून जुना वाद होता, त्यामुळे संशय साहजिकच तिकडे गेला. दोन्ही घरांत बोलाचाली झाली. रविवारी एकाच बाकावर बसणारी माणसे चर्चच्या दोन टोकांना बसू लागली. इकडे पडवीतले पोते फाडलेले आम्हाला दिसले, आणि उकरलेल्या खड्ड्यांची आठवण होऊन मनात चर्र झाले. पशुवैद्यांना जाऊन विचारले. त्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "फादर, विष घातलेच आहे, पण ते तुमच्या खताने."

आम्ही दोन्ही घरी गेलो आणि खरे ते सांगितले. त्या बाईंनी आम्हाला बोल लावला नाही. पण त्यांची रताळी त्या वर्षी रानडुकरांनी निम्मी उकरून नेली, कारण राखण करणारे कुणी उरले नव्हते. शेतकऱ्याच्या घरी कुत्रा म्हणजे बिनपगारी गडी असतो. त्याच्या मरणाची किंमत आम्हाला त्या रताळ्यांच्या वाफ्यात दिसली.

पवित्र शास्त्रात, निर्गमच्या 21 व्या अध्यायात, एक साधा नियम आहे. एखाद्याने खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात कुणाचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने नुकसान भरून द्यावे. माझ्या मनात वाईट नव्हते, ही सबब तेथे चालत नाही. झाकण घालणे हे खणणाऱ्याचे काम. आमचे मत असे की विषारी झाड किंवा विषारी खत हाही एक खड्डाच आहे. तो खणायला बंदी नाही. उघडा ठेवायला आहे. या लेखात आम्ही जे सांगणार आहोत ते एवढेच.

आता आपल्या परड्यात, शाळेच्या आवारात आणि शेताच्या बांधावर असे खड्डे कोठे कोठे आहेत ते पाहू.

पहिली कण्हेर. पाणी कमी लागते, बारा महिने फुलते आणि गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून ती हमरस्त्यांच्या दुभाजकांपासून दफनभूमीच्या भिंतीपर्यंत सर्वत्र लावलेली आढळते. गुरे तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. कण्हेरीच्या मुळापासून फुलापर्यंत सर्व अंगांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. थोडी पाने पोटात गेली तरी कुत्र्याला ओकाऱ्या होतात, लाळ गळते, नाडी मंद किंवा अनियमित होते आणि हृदय बंद पडू शकते. पाने वाळली म्हणून विष जात नाही. उलट वाळल्यावर कडवटपणा कमी जाणवतो, आणि जी शेळी हिरव्या कण्हेरीला शिवत नाही तीच छाटलेल्या वाळक्या फांद्या खाऊन मरते. फुलदाणीत कण्हेर ठेवली तर ते पाणीसुद्धा विषारी होते.

दुसरी तिचीच बहीण, पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. हिची हिरवी फळे मुले खेळायला घेतात. हिची बी सर्वांत जहाल. कुत्र्याचे पिल्लू जे सापडेल ते चावते आणि लहान मूलही तेच करते, हे आयाबहिणींना सांगायला नको.

तिसरा एरंड. उकिरड्यावर आपोआप उगवतो म्हणून त्याच्याकडे आपण झाड म्हणूनही पाहत नाही. त्याच्या बीमध्ये रायसिन नावाचे विष आहे. तेल काढताना हे विष तेलात उतरत नाही, मागे पेंडेत राहते. म्हणून एरंडेल पोटात घेता येते आणि पेंड मात्र जनावरांना घालत नाहीत. कारखान्यात पुरेशी उष्णता दिल्यास पेंडेतील विषाचा जोर कमी होतो, परंतु खत म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर तसा भरवसा ठेवता येत नाही. आपला देश एरंडीच्या उत्पादनात जगात पहिला आहे, त्यामुळे ही पेंड सगळीकडे मिळते, आणि रासायनिक खते कमी करू पाहणारा शेतकरी ती आनंदाने घेतो. खत उत्तमच आहे. पण तिच्यात हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्याच्या नाकाला ते मेजवानीचे आमंत्रण होते. लक्षणे लगेच दिसत नाहीत. बहुधा सहा तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतात. या विषावर उतारा नाही. आमची चूक नेमकी येथे झाली.

चौथा सायकस. बंगल्याच्या फाटकाशी आणि हल्ली आपल्या शाळांच्या दाराशीही कुंडीत असलेले हे झाड ताडासारखे दिसते, पण ताड नव्हे. त्याची टोकदार पाने वेदीच्या सजावटीत आणि लग्नाच्या कमानीवर शोभतात. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि बी सर्वांत अधिक. एक-दोन बियांनी कुत्रा दगावू शकतो. फसवणूक अशी की आधी ओकाऱ्या होतात, मग जनावर सावरल्यासारखे दिसते, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊन कावीळ होते. धनी तोवर निर्धास्त झालेला असतो. सण झाल्यावर सजावटीची पाने आपण चर्चमागच्या ढिगावर फेकून देतो, आणि त्या ढिगावर रात्री कोण हिंडते ते सर्वांना ठाऊक आहे.

पाचवी चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. जनावरे खात नाहीत म्हणून कुंपणाला ती पूर्वीपासून आहे. 2000 नंतरच्या दशकात तिच्या बियांपासून डिझेल करण्याची मोठी हवा झाली, तेव्हा बांधोबांधी आणखी लागली. डिझेलचे स्वप्न विरले, झुडपे राहिली. बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते. ती खाऊन शाळकरी मुले इस्पितळात दाखल झाल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत असतात. जे मुलांना होते तेच कुत्र्यालाही होते: ओकाऱ्या, जुलाब, आणि अंगातले पाणी जाऊन येणारी ग्लानी.

सहावी गुंज. लाल अंगाची, काळ्या तोंडाची ही बी सोनाराच्या तराजूत बसत असे. आपल्या दृष्टीने विशेष असे की तिच्या लॅटिन नावात प्रार्थनेचा अर्थ आहे, कारण पूर्वी तिच्या जपमाळा ओवीत. बी अखंड गिळली तर टणक सालीमुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते. परंतु चावली गेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर तिच्यातील विष एरंडीच्या विषाच्याच जातीचे, आणि त्याहूनही जहाल आहे. कुणाच्या घरी अशी जुनी माळ असेल तर ती भिंतीवर उंच टांगावी. मुलाच्या किंवा पिल्लाच्या हाती लागू देऊ नये.

याशिवाय पावसाळ्यात वईवर फुलणारी कळलावी आहे. तिचा कंद उकरून कुत्र्याने खाल्ला तर जीव जाऊ शकतो. धोतरा आहे, त्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि जनावर वेड्यासारखे करते. रुई आहे; तिचा चीक डोळ्यांना आणि पोटाला दोन्हींना वाईट. शेराचे कुंपण आहे. त्याच्या चिकाने डोळा जाण्याची भीती असते. घाणेरी आहे, तिचा उपद्रव कुत्र्यापेक्षा गुरांना अधिक, कारण तिने यकृत बिघडून उन्हात कातडी सोलवटते.

परंतु भीतीलाही माप हवे. प्रत्येक झाडाच्या नावाने घाबरून परडे उजाड करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मनीप्लांट आणि डायफेनबाखिया या कुंडीतील झाडांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो ना, तोच हा प्रकार. कुत्र्याचे तोंड सुजते, लाळ गळते, तो कळवळतो. पण जीव सहसा जात नाही. नाताळात गोठ्याच्या देखाव्याभोवती आपण लाल पानांचा पॉइन्सेटिया मांडतो. त्याची फारच बदनामी झाली आहे. त्याच्या चिकाने पोट थोडे बिघडते, त्यापलीकडे बहुधा काही होत नाही. पास्काच्या सणातील पांढऱ्या लिलीचे उलट आहे. तिच्याने कुत्र्याचे पोट बिघडेल एवढेच, पण मांजराची मूत्रपिंडे ती निकामी करते. परागकण अंगावरून चाटले तरी पुरे. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी वेदीवरची लिली सणानंतर घरी नेऊ नये. आणि नाताळच्या केकमधील बेदाणे कौतुकाने कुत्र्याला चारू नयेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

विष पोटात गेल्याचा संशय आला तर काय करावे? पहिली गोष्ट, वाट पाहू नये. "सकाळी बघू" या दोन शब्दांनी जितकी जनावरे मेली असतील तितकी कण्हेरीने मेली नसतील. तासा-दोन तासांत पशुवैद्यांकडे पोचल्यास ते सुरक्षितपणे ओकारी काढू शकतात, औषधी कोळसा देऊ शकतात, सलाईन लावू शकतात. जे झाड खाल्ले असेल त्याची फांदी किंवा बी, खताचे असल्यास पोत्यावरचा कागद, पिशवीत घालून बरोबर न्यावा. केव्हा खाल्ले, किती खाल्ले, ओकारीत काय पडले, हे सांगावे. अनेक राज्यांत 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा.

दुसरी गोष्ट, घरगुती उतारे करू नयेत. मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याची आपल्याकडे सवय आहे; त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. दूध, तेल, ताक, चिंचेचे पाणी, यांनी विष उतरत नाही. बेशुद्ध होत चाललेल्या जनावराच्या फुप्फुसात मात्र ते शिरू शकते. चुलीतला कोळसा हा औषधी कोळसा नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लाळ गळणारा, चाल बिघडलेला कुत्रा प्रत्येक वेळी विषबाधेचाच असतो असे नाही. तो पिसाळलेलाही असू शकतो. म्हणून उघड्या हाताने तोंडात बोटे घालू नयेत. चावला किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. मिरचीपूड, चुना किंवा मंत्र यांवर विसंबू नये. ज्यांनी घरच्या कुत्र्याला अद्याप लस टोचलेली नाही त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर आधी तेवढे करावे.

आता आक्षेपांकडे येतो. दफनभूमीच्या कडेची बिट्टी आणि कण्हेर काढावी असे आम्ही बैठकीत सुचवले, तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या. त्यांचा मान ठेवून उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा की ही झाडे देवानेच निर्माण केली, मग ती वाईट कशी? खरे आहे, वाईट नाहीतच. कण्हेर आपल्या शेजाऱ्यांच्या देवपूजेत मानाची आहे, एरंडाचे तेल आपल्या आजीच्या फडताळात होते, कळलावी आणि रुई वैद्यांना ठाऊक आहेत. निर्मिती चांगली आहे म्हणूनच तिची जागा ओळखण्याची बुद्धी देवाने माणसाला दिली. आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि तिला राखायला. मशागत आपण जाणतो, राखणे विसरतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कण्हेर फुकट येते, शेळ्या खात नाहीत, भिंत बांधायची तर पैसा कोठून आणायचा? हा आक्षेप आम्हाला पटतो, कारण धर्मग्रामाची तिजोरी आम्हाला ठाऊक आहे. पण मधला मार्ग आहे. करवंदीचे कुंपण काटेरी असते, शेळी आत घुसत नाही, आणि वर लोणच्यापुरती करवंदे मिळतात. वाढायला तीन-चार वर्षे लागतील. तोवर काट्यांची वई घालू. फुलांसाठी गुलाब, मोगरा, झिनिया, ॲस्टर आहेत. कुंडीत सायकसऐवजी अरेका पाम ठेवला तर शोभा तीच आणि धोका नाही.

तिसरा आक्षेप थोडा हळू आवाजात आला: "फादर, शेवटी कुत्राच ना!" यावर आम्ही थोडे अधिक बोलू इच्छितो. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियास दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्याबरोबर देवदूत असतो आणि कुत्राही असतो. त्या कुत्र्याला कथेत काही काम नाही. तो केवळ बरोबर चालतो, तरी पवित्र ग्रंथाने त्याची नोंद ठेवली. श्रीमंताच्या दारात पडलेल्या लाजराकडे माणसे पाहत नव्हती तेव्हा त्याच्या फोडांशी कुत्रीच आली. संत रोक यांच्या मूर्तीपायी भाकरी तोंडात धरलेला कुत्रा असतो. प्लेगने पछाडलेल्या त्या संताला त्यानेच जगवले अशी परंपरा आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली आपल्या परिपत्रकात सर्व निर्मितीकडे एक सामाईक घर म्हणून पाहायला शिकवले. कुत्रा माणसाच्या बरोबरीचा आहे असे यांपैकी कोणी म्हणत नाही. पण आपल्या निष्काळजीपणाने तो तडफडून मेला तर हिशेब आपल्याला द्यावा लागेल, हे यातून निघतेच.

आणि कुणाला कुत्र्याविषयी काहीच वाटत नसेल, तर त्याने निदान मुलांकडे पाहावे. दोन वर्षांचे मूल आणि चार महिन्यांचे पिल्लू जमिनीपासून सारख्याच उंचीवर फिरतात आणि सारख्याच गोष्टी तोंडात घालतात. पिल्लाला जे घातक, ते अंगणात ठेवून आपण मुलाला सुरक्षित म्हणू शकत नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. शाळेच्या आणि बालवाडीच्या आवारात बिट्टी, सायकस, एरंड आणि चंद्रज्योत नको. ती या उन्हाळ्यात काढावीत. बांधावरची कण्हेर ज्यांना ठेवायची असेल त्यांनी ठेवावी, पण छाटलेल्या फांद्या जनावरांच्या वाटेवर टाकू नयेत, जाळूही नयेत कारण धूर बाधतो, खोल पुराव्यात. एरंडीची पेंड झाकणाच्या पिंपात ठेवावी, हाडांच्या चुऱ्यात मिसळू नये, खड्ड्यात घातल्यावर वर वीतभर माती दाबावी आणि काही दिवस काटे पसरावेत. पाळलेल्या कुत्र्याला पोटभर खायला घालावे. भुकेला कुत्राच उकिरडे उकरतो. आणि कुणाचे जनावर अचानक मेले तर शेजाऱ्यावर बोट ठेवण्यापूर्वी आपल्या परड्यात एक फेरी मारावी.

दफनभूमीच्या कडेची बिट्टी आम्ही पहिल्या कुदळीने स्वतः काढणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी येत्या शनिवारी मिस्सानंतर हातमोजे आणि कोयता घेऊन यावे. करवंदीची रोपे वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणायची आहेत.

त्या भगिनीच्या घरी आम्ही एक पिल्लू नेऊन दिले आहे. निर्गमच्या नियमाने ती आमची भरपाई होती. कुत्र्याची भरपाई पिल्लाने होत नाही हे आम्हाला समजते. पिल्लू अजून रानडुकरांना भिते. शेजारच्या घरची मुले त्याला रोज संध्याकाळी फिरायला नेतात, आणि रविवारी ती दोन्ही घरे पुन्हा एका बाकावर बसू लागली आहेत.